केमिकल-बायोलॉजिकल संरक्षणाचं संशोधन आणि छोटी कंपनी: एसबीआयआर कुणी केलंय का?

इचलकरंजीचा_विणकर | सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी मूळ इचलकरंजीचा, टेक्स्टाइल तिथेच केलं, मग इकडे डेलावेअरला एमएस आणि आता कोटिंगच्या एका कंपनीत नोकरी. ग्रीन कार्ड आलंय. माझा एक मित्र केमिस्ट आहे, आम्ही दोघं मिळून कापडावर झिरकोनियमचं एमओएफ वाढवायच्या मागे आहोत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमओएफ म्हणजे धातूचे अणू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांची जाळी, आत भोकंच भोकं, एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. विषारी वायू नुसता धरून ठेवत नाही तर काही वायूंचे तुकडेही पाडते.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे एका ओळखीच्या फायरमनने मला त्यांचा हॅजमॅट सूट (घातक रसायनांपासून वाचवणारा) घालून बघायला दिला. ऑक्टोबर महिना, बाहेर गारवा, आणि तरी थोडं चालून ग्लोव्ह काढला तर मनगटातून घामाची धार लागली. फायरवाल्यांचे सूट रबर-प्लास्टिकचे, हवा आरपार जातच नाही. मिलिटरीचे जे जेएसलिस्ट सूट आहेत ते कार्बनच्या बारीक मण्यांचे, त्यातून हवा जाते पण तेही जाडच. पातळ कापडात हेच काम झालं तर?

आता डिफेन्सच्या साइटवर केम-बायो डिफेन्सचे एसबीआयआर (छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणारी अमेरिकन सरकारची योजना, शेअर किंवा परतफेड न मागता) टॉपिक, म्हणजे त्यांनी जाहीर केलेले संशोधनाचे विषय, बघतोय, आमच्या कल्पनेच्या जवळचे काही दिसतायत. प्रश्न असे की दोन माणसांची कंपनी (जी अजून कागदावर पण नाही) याला अर्ज करू शकते का, पेटंट सरकारचं होतं का, नोकरी सोडावी लागते का, आणि खऱ्या विषावर टेस्टिंग कोण करून देणार, कारण आमच्या गॅरेजमध्ये तर ते होणार नाही. अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

फुकटसल्ला | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

म्हणजे सरकार तुम्हाला लाखो डॉलर देणार, शेअर मागणार नाही, परत मागणार नाही? आपल्याकडे मुद्रा लोनसाठी बँकेत चपला झिजल्या आमच्या. सही धागा, वाचतोय.

मेरीलँडकर | मंगळवार, १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

विणकर, स्वागत. मी बाल्टिमोरच्या उत्तरेला राहतो, अमेरिकन सैन्याचं एजवूडचं केम-बायो केंद्र घरापासून फार लांब नाही आणि नोकरीची बरीच वर्षं असल्याच छोट्या कंपन्यांत गेली. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

एसबीआयआर हा १९८२ चा कायदा, रेगनच्या काळातला. त्याआधी १९७७ ला एनएसएफमध्ये (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) रोलंड टिबेट्स नावाच्या अधिकाऱ्याने हेच छोट्या प्रमाणावर चालवून बघितलं होतं. ज्या केंद्रीय खात्याचं बाहेरच्यांना द्यायचं संशोधनाचं बजेट वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे त्याने त्यातले ३.२ टक्के छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचेच, सक्ती आहे. छोटी म्हणजे ५०० माणसांपर्यंत, त्यामुळे तुम्ही दोघं खुशाल बसता त्यात. कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांकडे हवी, तेही जमतंय. एच-वन व्हिसावर असतास तर इथेच गाडी अडली असती.

टप्पे तीन. पहिल्यात साधारण सहा महिने आणि दीड ते अडीच लाख डॉलर, कल्पनेत दम आहे एवढं दाखवायचं. दुसऱ्यात दोनेक वर्षं आणि दहा लाखांच्या वर, तिथे प्रोटोटाइप बनवायचा. तिसऱ्या टप्प्याला एसबीआयआरचा एक पैसा नाही, तिथे कुणीतरी तुझा माल विकत घ्यायचा असतो. हे तिसरं प्रकरण आत्ताच नीट वाचून ठेव, त्यावर नंतर येतो.

फुकटसल्ला, हो, शेअर मागत नाहीत आणि परतही मागत नाहीत. पेटंट कंपनीच्याच नावावर राहतं, सरकारला स्वतःच्या वापरापुरता हक्क मिळतो. टेक्निकल डेटा २० वर्षं तुझा असतो, मात्र प्रत्येक रिपोर्टवर तो ठरलेला शिक्का मारायला विसरायचं नाही. पण याला फुकट म्हणू नका, काम ठरलेलं असतं आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी रिपोर्ट द्यावा लागतो.

केम-बायोचं दुकान वेगळं आहे. आखाती युद्धानंतर, १९९३ च्या कायद्याने काँग्रेसने सांगितलं की आर्मी, नेव्ही, एअरफोर्स यांनी आपापले मास्क वेगवेगळे करत बसू नका, एकत्र कार्यक्रम चालवा. त्याची खरेदीची बाजू एजवूडला, संशोधनाची सूत्रं फोर्ट बेलव्हॉरला. एजवूड आर्सेनल १९१७ पासूनचं, पहिल्या महायुद्धात गॅसचे गोळे भरायला काढलेलं, आता तिथे मास्क आणि सूट तपासतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टॉपिक जाहीर होतो तेव्हा काही आठवडे प्री-रिलीज असतो. तेवढ्या काळात ज्याने टॉपिक लिहिलाय त्या शास्त्रज्ञाला थेट फोन, ईमेल करता येतो, नाव दिलेलं असतं. एकदा टॉपिक ओपन झाला की तोंडाला कुलूप, मग फक्त साइटवर सगळ्यांना दिसेल असा प्रश्न. लोक हा काळ प्रपोजल लिहिण्यात घालवतात. माझं ऐकशील तर लिहू नकोस, आधी फोन कर आणि सरळ विचार की साहेब तुमच्याकडे आत्ता काय कमी पडतंय. दहा मिनिटांत कळतं की त्यांना कापड हवंय की त्यांच्या डोक्यात आधीच दुसरं काही शिजतंय.

रजिस्ट्रेशन आजच सुरू कर. सॅम डॉट गव्ह ही सरकारी साइट, तिथला कंपनीचा यूईआय नंबर, एसबीए या छोट्या उद्योगांच्या सरकारी खात्याची कंपनी रजिस्ट्री, हे सगळं आठवड्याभरात होईल असं समजून लोक फसतात.

रसायनकाका | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

पाताळगंगेला आयुष्य गेलं आमचं, आता रिटायर. एमओएफ वगैरे माझ्यानंतरचं, पण कार्बन माहितीये, म्हणून दोन शब्द.

साधा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन मोठे जड रेणू मस्त धरतो. हायड्रोजन सायनाइडसारखे हलके वायू त्याला धरवत नाहीत, म्हणून त्यात धातूंची क्षारं मुरवतात. दुसऱ्या महायुद्धापासून तांबं, चांदी आणि क्रोमियमवाला माल चालायचा, पण सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सर करतं म्हणून नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकन मिलिटरीने ते काढून जस्त, मॉलिब्डेनम आणि टीईडीए नावाचं एक अमाइन टाकलं. इतकं करून अमोनियाच्या बाबतीत तो कार्बन लंगडाच. आणि कारखान्यात गळती कसली होते? अमोनियाची, क्लोरीनची. सरीनसारख्या युद्धातल्या विषाची नाही होत.

कार्बनच्या निमित्ताने एक गंमत. १९१८ ला अमेरिकेत मास्कच्या कोळशासाठी लोकांकडून पीचच्या बिया आणि नारळाच्या करवंट्या गोळा केल्या होत्या, मोहीमच काढलेली. करवंटीच्या कोळशाला आजही तोड नाही. आमच्या गावाकडे बंबात घालतात :)

आता विणकरला प्रश्न. एमओएफच्या पेपरांत जे आकडे असतात, अमुक मिनिटांत निम्मं विष निकामी, ते बऱ्याचदा पाण्यात, वर बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रव्य) घालून, भांड्यात ढवळत काढलेले असतात. सूट काय भांड्यात ढवळत नाहीत. कोरड्या कापडावर तेवढा वेग मिळतो का? आणि घाम? घामात मीठ आहे, तेल आहे. तांब्याचं जे प्रसिद्ध एमओएफ आहे ते तर दमट हवेतच खराब होतं. झिरकोनियमचं टिकतं म्हणे, पण धुतल्यावर कापडाला किती चिकटून राहतं तेवढं सांग. जेएसलिस्टला ४५ दिवस वापर आणि सहा धुण्यांची मुदत होती, निदान तिथवर तरी जायला हवं.

इचलकरंजीचा_विणकर | १३ फेब्रुवारी, रात्री ८:५५

काका, नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. कोरड्यात वेग पडतो हे खरंच आहे, त्यावर आमची एक युक्ती आहे पण ती इथे लिहीत नाही, राग मानू नका. धुण्याचं म्हणाल तर पावडर बाइंडरने चिकटवली की झडते आणि बाइंडर भोकंही बुजवतो, म्हणून आम्ही धाग्याच्या पृष्ठभागावरच स्फटिक वाढवतोय. एमओएफ एकदम नवीन राहिलेलं नाही, ओस्लो विद्यापीठातून झिरकोनियमवालं २००८ ला आलं आणि शिकागोकडे नॉर्थवेस्टर्नमधून निघालेली नुमॅट नावाची कंपनी तर चिप कारखान्यांना लागणारे आर्सिनसारखे वायू एमओएफ भरलेल्या सिलिंडरमध्ये विकते. म्हणजे केमिस्ट्री दुकानापर्यंत पोचलीय, कापडावर अजून पोचायचीय.

शांतिनिकेतनी_सदाशिव | बुधवार, १४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

सगळे पैशाचं आणि पेटंटचं बोलतायत म्हणून विचारतो, कुणालाच खटकत नाहीये का? शेवटी हे युद्धखोर खात्याचे पैसे. संरक्षण म्हणायचं आणि ज्याच्याकडे चांगला सूट तो विष वापरायला मोकळा, असंही होऊ शकतं की. मी तरी असल्या कामाला हात लावणार नाही.

डॉ_खोकला | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

सदाशिवराव, प्रश्न रास्त आहे, उडवून लावणार नाही. रासायनिक अस्त्रांवर बंदीचा करार १९९७ पासून लागू आहे, जैविक अस्त्रांचा १९७५ पासून, आणि रासायनिक करारात संरक्षणाच्या संशोधनाला मुभा स्पष्ट शब्दांत दिलीय. पण कायदा बाजूला ठेवा. १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन सोडलं तेव्हा पेशंट ज्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये नेले तिथले डॉक्टर-नर्सही आजारी पडले, पेशंटच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने. त्यांच्या अंगावर काही नव्हतं. मी छातीचा डॉक्टर, कॅज्युअल्टीत अनेक वर्षं काढलीत, किटकनाशक प्यायलेला पेशंट आला की त्याचे कपडे कोण काढतं ते मला ठाऊक आहे. मावशी काढतात, साध्या लेटेक्स ग्लोव्हने. त्या किटकनाशकांतलं ऑर्गनोफॉस्फेट हे नर्व्ह एजंटचंच, म्हणजे सरीनसारख्या मज्जातंतूंवरच्या विषांचंच भावंड. त्या मावशींसाठी कुणी पातळ आणि खरोखर अडवणारा ग्लोव्ह काढला तर पैसे पेंटॅगॉनचे होते की पंचायतीचे याने मला फरक पडत नाही.

आणि दुसरं. जिल्हा रुग्णालयात टीबीसाठी सीबीनॅट मशीन असतं ना, थुंकीचा नमुना टाकला की दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देतो का ते सांगणारं, त्याची जन्मकथा वाचा. २००१ ला अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटं आली, ५ माणसं गेली, १७ आजारी पडली. मग पोस्टाच्या छाटणी केंद्रांत हवेतून नमुना घेऊन तपासणारी यंत्रं बसवली, त्यात तपासणीचा भाग सेफीड नावाच्या कॅलिफोर्नियातल्या तरुण कंपनीचा होता, १९९६ ची कंपनी. तेच तंत्रज्ञान पुढे टीबीकडे वळलं, चाचण्या ज्या ठिकाणी झाल्या त्यात आपलं मुंबईचं हिंदुजा हॉस्पिटल होतं, आणि डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं. माझ्या ओपीडीत रोज त्याचे रिपोर्ट येतात. २०१६ ला ती कंपनी डॅनाहरने सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतली.

बायोफायरचंही तसंच. आधीचं नाव आयडाहो टेक्नॉलॉजी, गरम हवा आणि काचेच्या केशनळ्या वापरून पीसीआर (जंतूचा डीएनए वाढवून तो ओळखायची पद्धत) झटपट करणारी छोटी कंपनी. सैन्यासाठी पाठीवर नेता येईल असं अँथ्रॅक्स वगैरे ओळखणारं यंत्र केलं, आणि आता मोठ्या हॉस्पिटलांत न्यूमोनिया, मेंदूज्वराची पॅनल लावतात ती त्यांचीच. महाग आहेत, तो विषय वेगळा.

आपल्याकडे गोव्यात वेर्ण्याला मोलबायोचं ट्रूनॅट बनतं, बॅटरीवर चालतं, प्राथमिक केंद्रात नेता येतं, २०२० ला त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. ते मिलिटरीतून आलेलं नाही, पण छोट्या टीमने हे होतं एवढ्यासाठी सांगितलं.

शांतिनिकेतनी_सदाशिव | १४ फेब्रुवारी, दुपारी २:३०

सीबीनॅटचं माहीत नव्हतं. माझं मत बदललं असं नाही, पण मावशींचा मुद्दा पटला.

ग्वाल्हेरची_सून | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

धाग्यात भारताचा विषय निघाला म्हणून लिहिते. लग्न होऊन पुण्याहून ग्वाल्हेरला आले, इथे आपली मराठी माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीतच असेल, आणि या विषयातली देशातली मुख्य प्रयोगशाळा डीआरडीई इथेच आहे. सुरुवात १९४७ ची, जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी म्हणून, म्हणजे शिंदे सरकारांच्या नावाची. १९७३ ला आजचं नाव आलं. डासांना पळवणारं डेपा नावाचं औषध यांचंच, मिलिटरीत वापरतात. शिवाय सूट, मास्क, पाण्यातलं विष ओळखायचं किट, अशी कामं चालतात आणि तंत्रज्ञान खाजगी कंपन्यांना बनवायला देतात.

इकडे एसबीआयआरच्या जवळ जाणारं म्हणजे संरक्षण खात्याची आयडेक्स योजना, २०१८ पासून, दीड कोटीपर्यंत अनुदान, तिच्याच आयडेक्स प्राइम प्रकारात दहा कोटीपर्यंत. डीआरडीओचा टीडीएफ नावाचा निधी आहे, त्याची मर्यादा २०२२ ला ५० कोटी केली. जीवशास्त्राकडचं असेल तर बायरॅक या सरकारी संस्थेचं बिग नावाचं अनुदान, ५० लाख. पण विणकर, हे सगळं भारतातल्या कंपन्यांसाठी, तुला तिकडे बसून उपयोग नाही. धाकट्या भावाला वगैरे कुणाला करायचं असेल तर सांग.

मेरीलँडकर | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

ताई, छान माहिती. पण विणकर, तो धाकट्या भावाचा विचार मनात आला असेल तर आधी वाच. केम-बायो संरक्षणाची साधनं आणि त्यांची टेक्निकल माहिती आयटारच्या (शस्त्रास्त्रांच्या निर्यातीवरचे अमेरिकन नियम) यादीत, चौदाव्या वर्गात येते. प्रोजेक्ट सुरू झाल्यावर त्यातली ड्रॉइंग किंवा रेसिपी भारतातल्या कुणालाही पाठवली, अगदी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि सख्ख्या भावाला पाठवली, तरी ती परवानगीशिवाय केलेली निर्यात. ग्रीन कार्ड असल्यामुळे तू स्वतः चालतोस. इथे युक्ती लिहिली नाहीस ते उत्तम केलंस. शिवाय २०२२ ला कायद्याची मुदत वाढवताना परदेशी संबंध जाहीर करायचं कलम घातलंय, रोख मुख्यतः चीन, रशिया, इराण, उत्तर कोरियावर आहे पण फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागतो. तेव्हा ती मुदत सप्टेंबर २०२५ पर्यंतच वाढवली होती, म्हणजे फार रेंगाळू नकोस.

आता टेस्टिंग. खरं विष हाताळायची परवानगी असलेल्या लॅब हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तिथे नंबर लागायला वेळ जातो आणि बिल बघून घाम फुटतो, तो सूट न घालता. म्हणून पहिला टप्पा सगळे सिम्युलंटवर, म्हणजे खऱ्या विषाच्या जागी वापरायच्या त्याच्यासारख्या पदार्थावर काढतात. मस्टर्ड गॅसच्या जागी मिथाइल सॅलिसिलेट, सरीनच्या जागी डीएमएमपी, अँथ्रॅक्सच्या जागी बॅसिलसचा एक निरुपद्रवी भाऊ. मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे आपलं गंधपुऱ्याचं तेल हो, गुडघ्याला चोळतो ते. अख्खा सूट तपासायची एक टेस्ट असते, मिस्ट म्हणतात. सूट घातलेला माणूस या वाफेने भरलेल्या खोलीत जातो, चालतो, वाकतो, रांगतो, आणि त्याच्या कातडीवर जागोजागी छोटे शोषक पॅच चिकटवलेले असतात. नंतर पॅच काढून मोजायचं की वाफ कुठून आत शिरली. मी त्या खोलीबाहेर उभा राहिलोय, जाकिटाला दोन दिवस बामचा वास येत होता. आणि गळती कापडातून क्वचितच सापडते, सापडते ती चेनपाशी, मास्क आणि टोपीच्या सांध्यात, बाहीत ग्लोव्ह शिरतो तिथे.

आणि आता तिसरा टप्पा, ज्यावर येतो म्हटलं होतं. मी ज्या कंपनीत होतो तिथे दुसरा टप्पा झकास पार पडला, डिटेक्टर चालत होता, मिलिटरीवाले खूश, फोटोबिटो झाले. मग कळलं की खरेदीचं बजेट पुढची काही वर्षं आधीच ठरलेलं आहे, त्यात आमची ओळच नाही. कार्यक्रमाचा अधिकारी बदलून गेला, नवीन आला त्याला दुसरंच काही हवं होतं. कंपनीने माणसं कमी केली. वाईट कुणीच नव्हतं यात, ती यंत्रणाच तशी फिरते. डॉक्टरांनी ज्या कंपन्यांची नावं घेतली त्या तगल्या त्या हॉस्पिटलच्या जोरावर. तसंच हातात धरायचं रामन यंत्र (प्रकाश टाकून पदार्थ ओळखणारं) काढणारी अहुरा ही कंपनी, तिने पावडर बाटलीतून न काढता ओळखणारं यंत्र आधी हॅजमॅटवाल्यांसाठी केलं आणि मग औषध कंपन्यांना कच्चा माल तपासायला विकलं. २०१० ला ती थर्मो फिशर कंपनीने घेतली. म्हणून प्रपोजल लिहितानाच ठरव, मिलिटरीने एकही नग घेतला नाही तर तुझं गिऱ्हाईक कोण?

कायदेपंडिता | गुरुवार, १५ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

मेरीलँडकरांनी सगळं लिहिलं पण सगळ्यात आधी करायची गोष्ट कुणीच सांगितली नाही. विणकर, तू कोटिंगच्या कंपनीत नोकरी करतोस आणि कापडाचं कोटिंगच शोधून काढतोयस. जॉइन होताना सही केलेले कागद काढ आणि शोध मालकीचं कलम वाच. बऱ्याच करारांत घरी, रविवारी, स्वतःच्या पैशाने केलेला शोधही कंपनीच्या धंद्याशी संबंधित असेल तर कंपनीचा, असं असतं. राज्याप्रमाणे नियम बदलतात, डेलावेअरमध्ये कर्मचाऱ्याला थोडं संरक्षण आहे पण धंद्याशी थेट संबंध असला की ते संपतं. तासाभराचे पैसे देऊन चांगला वकील गाठ, फोरमवर विचारू नकोस, मलाही नको :) आणि जोवर हे मिटत नाही तोवर ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मायक्रोस्कोप, काहीही वापरायचं नाही.

दुसरं, प्रमुख संशोधक म्हणून ज्याचं नाव देशील त्याची मुख्य नोकरी प्रोजेक्टच्या काळात तुमच्याच कंपनीत हवी, निम्म्याहून जास्त वेळ. तू नोकरी सोडणार नसशील तर मित्राचं नाव टाका.

इचलकरंजीचा_विणकर | १५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

बाप रे. कागद काढले. मजकूर बराच ऐसपैस आहे, सोमवारी वकिलाकडे जातोय. मित्र विद्यापीठात पोस्टडॉक आहे, त्याचं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपतंय, प्रमुख संशोधक तोच होईल असं दिसतंय. घरी बायको म्हणाली की हेल्थ इन्शुरन्स तुझ्या नोकरीवर आहे तेवढं लक्षात असू दे, बाकी काय उद्योग करायचे ते कर.

मेरीलँडकर, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नावर दिवसभर डोकं चाललं. सूट म्हणजे शिलाई, चेन, मास्कचा सांधा, दोन माणसांचं ते काम नाही. ग्लोव्ह असू शकतो. ब्यूटाइल रबरचे जे जाड ग्लोव्ह येतात त्याच्यात बोल्ट पण धरता येत नाही. पातळ ग्लोव्ह, आत आमचा थर.

लोटेकर | शुक्रवार, १६ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

नाईट संपवून बसमध्ये टाईप करतोय, शुद्धलेखन समजून घ्या. लोटे परशुरामला केमिकल कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे, तुमचं मोठं मोठं सगळं वाचलं, आता खालचं सांगतो.

आमच्याकडे सूट आहेत, कपाटात आहेत, ऑडिटला बाहेर येतात. मे महिन्यात कोकणात तो सूट घालणं म्हणजे प्रेशर कुकरमध्ये बसणं आहे, वीस मिनिटांच्या वर पोरगा टिकत नाही, मग तो चेन अर्धी उघडी ठेवतो. मास्कच्या डब्यांना रंग असतात, तपकिरी सेंद्रिय वाफेला, करडा क्लोरीन वगैरेला, पिवळा सल्फर डायऑक्साइडला, हिरवा अमोनियाला, हे आमच्या कायम कामगारांना पाठ आहे पण ठेकेदाराचा माणूस समोर दिसेल तो लावतो. डबा उघडल्याची तारीख कुणी लिहीत नाही, उघडा डबा हवेतली आर्द्रता पिऊन बाद होतो ते सांगून सांगून दमलो. दाढीवर मास्क बसत नाही हे सांगितलं की भांडण. भोपाळनंतर १९८७ ला फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं, कागद सगळे आहेत. खरेदी मात्र सगळ्यात कमी भावाची. त्यामुळे साहेब तुमचा ग्लोव्ह शंभर डॉलरचा असेल तर आमच्याकडे एक जोडी येईल आणि ती सेफ्टी ऑफिसरच्या टेबलात राहील. स्वस्त करा किंवा जास्त दिवस टिकणारा करा, दोन्हीतलं एक तरी.

रसायनकाका | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

लोटेकरांना +१. शब्द न शब्द खरा.

फुकटसल्ला | १६ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

या धाग्यासाठी लॉगिन केल्याचं सार्थक झालं. लोटेकर तुम्ही वेगळा धागा काढा.

इचलकरंजीचा_विणकर | शनिवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ८:००

लोटेकर दादा, मनापासून आभार. मी तुम्हाला काही पाठवू शकत नाही हे मेरीलँडकरांनी सांगितलंच, पण तुमच्याकडून ऐकू शकतो. एकच प्रश्न: तुमच्याकडचा ग्लोव्ह पहिल्यांदा कुठे जातो? बोटांची टोकं?

लोटेकर | १७ फेब्रुवारी, दुपारी ३:२५

टोकं नाहीत. टोकं शेवटी जातात. पहिला जातो तो अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या बेचक्यात, कारण दिवसभर व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं असतं आणि सगळा जोर तिथे येतो. आधी तिथे पांढरट पडतं, मग बारीक चिरा, वरून दिसत नाहीत, ग्लोव्हमध्ये हवा भरून तोंड पिळलं की फुसफुस आवाज येतो. उजव्या हाताचा आधी जातो. आमच्याकडे डाव्या हाताचे नवेकोरे ग्लोव्ह पोतंभर पडलेत, जोडीनेच विकतात ना.

रसायनकाका | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१०

आणि गंमत बघा, आरपार झिरपण्याची जी स्टँडर्ड टेस्ट आहे, एएसटीएम एफ ७३९, तिच्यात तळहाताचा सपाट तुकडा कापून सेलमध्ये लावतात. न वाकवलेला, न ताणलेला. बेचकं कुणी तपासतच नाही.

मेरीलँडकर | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

विणकर, फोनवर टॉपिकवाल्याला पहिला प्रश्न हाच विचार. वाकवून वाकवून थकलेल्या तुकड्यावर टेस्ट करून दाखवली तर त्यांना त्याचा उपयोग आहे का. हो म्हणाला तर पहिल्या टप्प्याचं अर्धं काम तुझं लिहून झालं.

इचलकरंजीचा_विणकर | १७ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मित्राला आत्ताच फोन केला. सोमवारी मी वकिलाकडे जाईपर्यंत तो वाकवायचं मशीन कुठे भाड्याने मिळतं ते बघतोय. लोटेकर दादा, व्हॉल्व्हच्या चाकाचा व्यास साधारण किती असतो आणि एका शिफ्टला किती वेळा फिरवता, तेवढं सवडीने लिहा.